उष्णतेचा साठा आणि चुकीची फूटपट्टी

इमारतींसाठी उष्णता साठवण्याच्या पद्धतींची तुलना करायची म्हटली की एक तक्ता हमखास पुढे येतो. पहिल्या रांगेत पाणी, दगड, वीट आणि काँक्रीट. दुसरीत बर्फ, पॅराफिन मेण आणि ठरावीक तापमानाला वितळणारे क्षार. तिसरीत झिओलाइटसारखी, ओलावा शोषताना उष्णता देणारी द्रव्ये. हल्ली त्याखाली लिथियम बॅटरीचीही रांग असते. प्रत्येकापुढे एकच आकडा: घनमीटरमागे किती ऊर्जा मावते. आकडा खाली उतरत जाताना वाढतो, आणि वाचणाऱ्याच्या मनात क्रम आपोआप पक्का होतो. पाण्याची टाकी म्हणजे जुना जमाना, भिंत आणि स्लॅब तर साठा म्हणून मोजायचेच नाहीत, खरे तंत्रज्ञान खालच्या रांगांत. विक्रेत्यांची माहितीपत्रके, विद्यार्थ्यांचे प्रकल्प-अहवाल, चर्चासत्रांतल्या स्लाइड्स, सगळीकडे हाच क्रम गृहीत असतो. बेळगावहून खानापूरच्या रस्त्याला लागले की मच्छे येते. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय ‘ज्ञानसंगम’ इथेच आहे, आणि फाउंड्र्या, मशीन शॉप असलेली औद्योगिक वसाहतही इथेच. म्हणजे तक्ता वाचणारे आणि ज्यांच्या डोक्यावर त्या तक्त्याचे परिणाम उभे राहणार ते, दोघेही एकाच गावात आहेत. म्हणून मच्छेच्याच हवेत, मच्छेच्याच छपरांखाली हा क्रम तपासायला हवा. तसा तपासला तर तो टिकत नाही. घरासाठी ही फूटपट्टीच चुकीची आहे, आणि योग्य फूटपट्टी लावली तर क्रम जवळजवळ उलटा होतो.

आधी तक्त्याची बाजू न्यायाने मांडू. त्यातले आकडे खोटे नाहीत. उष्णता आणि वीज दोन्ही इथे युनिटमध्येच मोजतो, म्हणजे बिलावरच्या युनिटशी थेट ताडता येईल. एक घनमीटर पाणी १० अंशांनी तापवले तर त्यात साधारण साडेअकरा युनिट उष्णता राहते. तेवढ्याच जागेतले पॅराफिन वितळताना ४५ ते ५० युनिट घेते. एक टन बर्फ वितळताना ९३ युनिट घेतो. झिओलाइट कागदावर शंभराच्या पुढे जाते. पण पाण्यापुढचा आकडा कुठून आला ते पाहा. तो १० अंशांच्या चढउतारासाठी काढलेला असतो. तेच पाणी २२ अंशांवरून ६० वर नेले, जे गच्चीवरचा कोणताही सोलर हीटर उन्हाच्या दिवशी करतो, तर एका घनमीटरात ४४ युनिट मावतात. म्हणजे पॅराफिनच्या जवळपास बरोबरीने. शिवाय पॅराफिनला स्वतःचे डबे लागतात, त्यात उष्णता घालायला आणि काढायला नळ्या लागतात, आणि तो सगळा संच धरला की घनमीटरचा आकडा आणखी घसरतो. पाणी स्वतःच साठा आहे, स्वतःच वाहक आहे आणि शेवटी बादलीत उतरणारी वस्तूही तेच आहे. ही गोष्ट घनतेच्या रकान्यात कुठेच दिसत नाही.

घनता हे माप जिथून आले तिथे ते योग्यच आहे. गाडीत, जहाजात, लस नेणाऱ्या पेटीत जागा मोजकी आणि वजन महाग असते. पण मच्छे, पिरनवाडी, नावगे या पट्ट्यातल्या दुमजली घराला जागेची टंचाई नाही. प्रत्येक गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी आधीपासून बसलेली आहे. पाच माणसांच्या घराला पुरणारी २०० लिटरची सोलर टाकी तिच्या शेजारी जेमतेम दीड-दोन मीटर जागा घेते आणि दिवसअखेर सुमारे पावणेनऊ युनिट उष्णता धरून ठेवते. हीच टाकी निम्म्या आकाराची झाली म्हणून त्या घराला काय मिळणार? घराला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत. उष्णता किंवा गारवा किती अंशांचा हवा? कोणत्या तासाला मिळतो आणि कोणत्या तासाला लागतो? वर्षातून हा साठा किती वेळा भरतो आणि रिकामा होतो? आणि त्यातले काय आधीच बांधलेले, पैसे मोजून झालेले आहे?

यातला तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि तक्त्यात तो नेमका गैरहजर असतो. साठ्याची किंमत त्याच्या पोटावर नाही, फेऱ्यांवर वसूल होते. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे. एप्रिलमध्ये दुपारी पारा ३५-३६ ला टेकतो आणि पहाटे २०-२१ पर्यंत उतरतो. जून ते सप्टेंबर दिवस-रात्रीचा फरक पाच-सहा अंशांवर येतो, आकाश भरलेले असते. थंडीत पहाट १४-१५ अंशांची, पण दुपार उबदार. या हवेत आंघोळीचे गरम पाणी वर्षाचे बाराही महिने लागते. खोली गार ठेवण्याची गरज मात्र फेब्रुवारीअखेर ते वळवाचे पाऊस पडेपर्यंत, फार तर तीन महिने. त्यामुळे पाण्याच्या टाकीचे वर्षाला अडीचशेहून अधिक पूर्ण फेरे होतात, आणि छतात बसवलेल्या २५ अंशांना वितळणाऱ्या मेणाचे कसेबसे नव्वद. पावसाळ्यात घरातली हवा २२ ते २५ मध्येच घोटाळते, मेण वितळतच नाही. थंडीत ते घट्ट बसून राहते. एकाच पैशात तिप्पट कामावर येणारा साठा क्रमात मागे आणि नऊ महिने निजून राहणारा पुढे, हा कसला क्रम?

वितळणाऱ्या द्रव्यांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण सगळे आकर्षण त्यांच्याभोवतीच आहे. ही कल्पना नवी नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या डोव्हर इथे मारिया टेल्केस या संशोधिकेने संपूर्ण घर ग्लॉबर क्षारात साठवलेल्या सूर्याच्या उष्णतेवर उबदार ठेवण्याचा प्रयोग केला. हा क्षार ३२ अंशांना वितळतो, स्वस्त आहे, उष्णता भरपूर घेतो. दोन-तीन हिवाळ्यांत प्रयोग कोलमडला. वारंवार वितळून गोठताना क्षार आणि पाणी वेगळे होत गेले, जड भाग तळाशी बसला, आणि दर फेऱ्याला साठा घटत गेला. आज त्यावर घट्टपणा आणणारी द्रव्ये, गोठणे सुरू करून देणारे कण असे उपाय आहेत, पण फेरे वाढले की क्षमता किती उरते हे प्रत्येक नव्या मिश्रणाला पहिल्यापासून सिद्ध करावे लागते. पॅराफिनचा हा त्रास नाही. त्याचे दोन वेगळे आहेत. एक, ते पेट घेते, म्हणजे छताच्या आत ठेवताना आगीचा विचार अटळ. दोन, त्यातून उष्णता फार सावकाश सरकते, काँक्रीटच्या सुमारे आठव्या हिश्श्याने. बाहेरचा थर गोठला की तोच आतल्या वितळलेल्या मेणाभोवती पांघरुणासारखा बसतो आणि रात्र संपली तरी आतले मेण मोकळे होत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावर तर एप्रिल-मेच्या रात्री सहसा २५ च्या खाली जात नाहीत. तिथे २५ अंशांचे मेण एकदा वितळले की आठवडेच्या आठवडे तसेच पातळ राहणार. लसीच्या पेटीत, फळांच्या शीतगाडीत, किंवा वजन न पेलणाऱ्या पत्र्याच्या हलक्या बांधकामात या द्रव्यांना जरूर जागा आहे. काँक्रीटच्या घरात ती जागा आधीच भरलेली आहे.

कशाने भरलेली आहे? स्लॅबने. शंभर चौरस मीटरचा आणि १२ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे १२ घनमीटर काँक्रीट. तो एका अंशाने तापायला जवळजवळ सात युनिट उष्णता लागते. तीन अंशांच्या चढउतारात २१ युनिट. तेवढेच काम मेणाकडून घ्यायचे तर पावणेचारशे किलोपेक्षा जास्त पॅराफिन विकत आणून छताला टांगावे लागेल. म्हणजे साठा विकत घेण्याचा प्रश्नच नाही, तो डोक्यावर आहे. अडचण एवढीच की आज तो उलट्या बाजूने चालतो. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो. त्या जाडीतून उष्णता खाली पोचायला साधारण तीन तास लागतात, म्हणून दुपारी दोनचे ऊन संध्याकाळी पाचला छताच्या पोटाला जाणवते. एप्रिलमध्ये रात्री दहाला बाहेर वारा सुटलेला असतो, अंगणातली फरशी निवलेली असते आणि आत पंखा स्लॅबखालची गरम हवाच खाली ढकलत असतो. बेळगावातल्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. याला आपण ‘स्लॅब तापतो’ म्हणतो आणि एसीचा विचार सुरू करतो. खरे तर तो उत्तम साठा आहे, फक्त भरतो चुकीच्या गोष्टीने.

तो बरोबर भरायचा तर दोन कामे लागतात. स्लॅबच्या वरून ऊन अडवणे आणि रात्री खालून वारा खेळवणे. पहिल्याचे उपाय आपल्या गवंड्यांच्या हातात आहेत. ब्रिकबॅट कोबा आणि त्यावर पांढऱ्या चायना मोझॅकचे तुकडे ही गळती थांबवण्याची युक्ती, पण तीच ऊन परतवते आणि स्लॅबला वरून पांघरूण घालते. पावसाच्या भीतीने हल्ली गच्चीवर पत्र्याची शेड टाकण्याची लाट आहे. चारी बाजूंनी उघडी ठेवली तर ती स्लॅबवर सावली धरते आणि मधून वारा वाहतो. बाजू बंद करून खोली केली की तीच भट्टी होते. ‘इको निवास संहिता’ या केंद्राच्या २०१८ च्या संहितेने घराच्या छतातून चौरस मीटरमागे अंशाला १.२ वॅटपेक्षा जास्त उष्णता झिरपू नये अशी मर्यादा घातली आहे. नुसता उघडा स्लॅब तिच्या अडीच-तीन पट झिरपू देतो. दुसऱ्या कामाचा हिशोब असा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा चार अंशांनी गार असेल तर २० युनिट उष्णता बाहेर काढायला पंधरा हजार घनमीटर हवा लागते. आठ तासांच्या रात्रीत ती खेळवायला बारा इंची दोन एक्झॉस्ट फॅन पुरतात, आणि ते रात्रभरात एक युनिटही वीज खात नाहीत. एक युनिट देऊन वीस युनिट गारवा साठवणारी दुसरी पद्धत तक्त्यातल्या कोणत्या रांगेत आहे ते दाखवावे.

यावर आक्षेप येतात आणि ते खरे आहेत. रात्री खिडक्या उघड्या ठेवायच्या तर डास, चोर आणि औद्योगिक वसाहतीलगत धूळ. म्हणूनच खिडकीऐवजी वर, छताजवळ, जाळी आणि ग्रिल असलेली झडप आणि तिथेच पंखा, अशी रचना हवी. तिची बांधतानाची किंमत एका एसीच्या किमतीच्या आसपासही जात नाही. दुसरा आक्षेप आधुनिक आहे: आता भिंती एएसी ब्लॉकच्या, हलक्या, त्यात वस्तुमान कुठे उरले? उरले आहे. स्लॅब, बीम, कॉलम आणि फरशी काँक्रीटचीच आहे. हलका ब्लॉक बाहेरची उष्णता अडवतो आणि आतले काँक्रीट साठा धरते, ही जोडी उलट जास्त चांगली. तिसरा आक्षेप मात्र आमच्याच बाजूने येतो, आणि त्यालाही उत्तर द्यायला हवे. जुन्या वाड्यांच्या दोन-दोन फुटी भिंतींचा दाखला देऊन ‘भिंत जितकी जाड तितके घर गार’ असे सांगितले जाते. चोवीस तासांच्या फेऱ्यात उष्णता दगड-मातीच्या भिंतीत एका बाजूने दहा-पंधरा सेंटिमीटरच खेळते. त्यापलीकडचा भाग रोजच्या साठ्यात भाग घेत नाही. वाडा गार राहायचा तो भिंतीइतकाच वरच्या कौलांमुळे, फटींतून आणि माळ्यातून निसटणाऱ्या गरम हवेमुळे आणि ओसरीच्या सावलीमुळे. खानापूरची माती विटा-कौलांसाठी नावाजलेली आहे, पण तिची दोन फुटी भिंत उभारून त्यावर उघडा स्लॅब टाकला तर वाड्याचा गारवा परत येणार नाही. जाडीचा अभिमान आणि घनतेचा तक्ता, दोघांची चूक एकच. दोघेही किती साठते ते पाहतात, कधी आणि कुठून ते पाहत नाहीत.

आता सर्वांत जोरकस प्रतिवाद. सोलर पॅनेल स्वस्त झाले, बॅटरी स्वस्त होत आहे, मग उष्णता साठवायचीच कशाला? वीज साठवा, हवी तेव्हा गिझर लावा, एसी लावा. शिवाय कर्नाटकात ऑगस्ट २०२३ पासून गृहज्योती योजनेत २०० युनिटपर्यंत घराला वीजबिल नाही. मोफत विजेपुढे गच्चीवरची टाकी कोण धुवत बसणार? हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो. आकडे घालून पाहू. वीस लिटरची बादली २२ अंशांवरून ४० वर आणायला ०.४२ युनिट लागतात. पाच माणसांच्या घरात दिवसाला सात-आठ बादल्या धरल्या तर तीन युनिटांहून जास्त. महिन्याला नव्वद ते शंभर. म्हणजे मोफत दोनशेतले निम्मे फक्त न्हाणीघरात जातात. आणि योजना सरसकट दोनशेची नाही. २०२२-२३ ची सरासरी आणि त्यावर दहा टक्के, अशी प्रत्येक घराची हक्काची मर्यादा ठरली. दोनशे ओलांडले की पूर्ण बिल. ज्या घराने त्या वर्षी सोलरचे पाणी वापरून वीज वाचवली त्याची मर्यादा खाली बसली, आणि आज टाकी काढून गिझर लावला तर तेच घर मर्यादेबाहेर पडते. राज्याच्या वीजदर आदेशांत सोलर हीटर असलेल्या घराला युनिटमागे ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सूट अनेक वर्षे होती. बिलच शून्य झाल्यावर त्या सुटीला अर्थ उरला नाही. केंद्राच्या २०२४ च्या ‘पीएम सूर्य घर’ योजनेत तीन किलोवॅटच्या पॅनेलला ७८ हजार रुपये अनुदान आहे, पण त्याच छपरावर ऊन थेट पाण्यात साठवणाऱ्या टाकीला त्या योजनेत जागा नाही. वीज मोफत असली तरी ती बनवायला कुणीतरी पैसे मोजतेच, आणि सकाळी सहा ते नऊ या वेळेत हुबळी वीजपुरवठा कंपनीच्या वाहिन्यांवर दोन-दोन किलोवॅटचे गिझर एकदम चालू होतात तेव्हा तो भार कागदावरच्या शून्य बिलाने हलका होत नाही.

बॅटरीवाल्यांची एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. सोलर पॅनेल उन्हातल्या शंभर भागांतून वीसेक भाग वीज बनवते. ती वीज हीटपंपाला दिली तर तो बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून तिप्पट गरम पाणी देतो. म्हणजे साठ भाग, गच्चीवरच्या सोलर हीटरच्या काचनळ्यांच्या जवळपास. पॅनेलवर मळ बसला तरी टाकी निकामी होत नाही, बोअरच्या जड पाण्याने नळ्या चोंदण्याची कटकट नाही. काचनळ्या उद्या जातील आणि त्यांच्या जागी पॅनेल-हीटपंप येईल, हे मला शक्य वाटते, काही घरांत इष्टही वाटते. पण नीट पाहा, त्या मांडणीतही हीटपंपाच्या पोटात २०० लिटरची, बाहेरून फोम भरलेली पाण्याची टाकीच असते. दुपारच्या उन्हाने तिला भरले की बॅटरी लागतच नाही. भांडण ऊन कसे पकडायचे याचे असू शकते. आंघोळीची उष्णता कशात ठेवायची याचे भांडण टाकीने केव्हाच जिंकले आहे.

पावसाळ्याचा आक्षेप राहतो. चार महिने ढग असताना सोलरचे काय? आणि दुरुस्तीचे काय? ढगाळ दिवशी टाकी अर्धवट, ३०-३५ अंशांपर्यंत तापते. ती उष्णता वाया जात नाही, टाकीतल्या विजेच्या कॉइलला उरलेले काही अंशच चढवावे लागतात. चूक होते ती कॉइल रात्रभर चालू ठेवण्यात, कारण मग सकाळी टाकी आधीच गरम असते आणि दिवसाचे ऊन घ्यायला तिच्यात जागा उरत नाही. टाइमर लावून पहाटे तासभर, एवढेच. बेळगावच्या सोलरची खरी दुखणी टाकीत नाहीतच, नळात आहेत. टाकीला पाच सेंटिमीटर फोमचे कवच असते, आणि तिथून खालच्या न्हाणीघरापर्यंत पंधरा मीटर उघडा पाइप भिंतीवरून उतरवलेला असतो. पाऊण इंची पाइपमध्ये तेवढ्या लांबीत साडेचार-पाच लिटर पाणी मावते. पहाटे पहिला नळ सोडला की तेवढे गार पाणी मोरीत सोडून मगच गरम यायला लागते. दुसरा माणूस अर्ध्या तासाने आला तर पुन्हा तेच. मग घरात एकमत होते की सोलर नीट चालत नाही. प्लंबरने टाकी न्हाणीघराच्या डोक्यावर घेतली असती, अर्धा इंची पाइप वापरून त्यावर फोमची नळी चढवली असती, तर त्याच टाकीने निम्म्या तक्रारी मिटवल्या असत्या.

मोठ्या इमारतींचा हिशोब वेगळा आहे. वसतिगृह, रुग्णालय, प्रयोगशाळा किंवा विद्यापीठाचा परिसर इथे बर्फाच्या टाक्यांचा प्रस्ताव मांडला जातो. त्यामागचे जुने तर्कशास्त्र असे: रात्री वीज स्वस्त, तेव्हा बर्फ करा, दुपारी वितळवा. पण बर्फ करायला यंत्राला शून्याच्या खाली सहा-सात अंशांवर काम करावे लागते, आणि त्यात त्याची कार्यक्षमता वीस-तीस टक्के घसरते. दुसरे, वेळच बदलली आहे. २०२३ मध्ये केंद्राने ग्राहकहक्क नियमांत दुरुस्ती करून तासानुसार वीजदराची दिशा ठरवली: उन्हाच्या तासांत दर नेहमीपेक्षा निदान वीस टक्के कमी, संध्याकाळच्या गर्दीच्या तासांत जास्त. आता स्वस्त वेळ भर दुपारची आहे आणि टाळायची वेळ सूर्यास्तानंतरची. दुपारी भरून चार-पाच तासांनी वापरायचा साठा बर्फाचा असण्याची गरज नाही; साधे पाच-सहा अंशांचे गार पाणी पुरते. त्याला जागा जास्त लागते, हे खरे, बर्फाच्या पाच-सहा पट. पण मोठ्या इमारतीला अग्निशमनासाठी जमिनीखाली मोठी टाकी बांधावीच लागते, आणि ती वर्षानुवर्षे भरलेली, निश्चल असते. अग्निशमन खात्याच्या मंजुरीने आणि पाण्याची पातळी कधीही न उतरवता त्याच पाण्याचा गारव्याच्या साठ्यासाठी वापर करता येतो. इतर देशांत हे केलेले आहे. इन्फोसिसने हैदराबादजवळ पोचारम इथे एकाच इमारतीच्या एका अर्ध्यात नेहमीची वातानुकूलन यंत्रणा आणि दुसऱ्या अर्ध्यात स्लॅबमध्ये नळ्या टाकून त्यातून गार पाणी फिरवण्याची यंत्रणा बसवून तुलना केली, तेव्हा स्लॅबवाल्या भागाने सुमारे ३४ टक्के वीज कमी घेतली. ती सगळी बचत साठ्याची नाही. फारसे थंड नसलेले पाणी चालते हे तिचे मोठे कारण. पण काँक्रीट यंत्रणेचा भाग होऊ शकते, हे भारतीय हवेत, भारतीय मीटरवर सिद्ध झाले आहे.

कॅनडात ओकोटोक्स इथे २००७ मध्ये ५२ घरांसाठी उन्हाळ्याची उष्णता १४४ बोअरमध्ये, जमिनीत साठवून हिवाळ्यात काढणारी योजना उभी राहिली. तिचा दाखला आपल्याकडे दिला जातो, पण आपला प्रश्न सहा महिन्यांचा नाही, बारा तासांचा आहे. मच्छेला घरांपलीकडे पाहायचेच असेल तर पाहावे आपल्या फाउंड्र्यांकडे. इंडक्शन भट्टीत एक टन लोखंड वितळवायला साडेपाचशे ते सहाशे युनिट वीज लागते. त्यातला सुमारे पाचवा हिस्सा, एकशे दहा-वीस युनिट, कॉइल गार ठेवणाऱ्या पाण्यात उतरतो आणि कूलिंग टॉवरवरून हवेत जातो. ते पाणी ४५-५० अंशांचे असते. घनतेच्या तक्त्यात एवढ्या कमी तापमानाच्या उष्णतेला कुणी उभे करत नाही, वीज बनवायला ती कुचकामी आहे. आंघोळीला मात्र ती नेमकी हव्या त्या अंशांची आहे: टनामागे एकशे दहा युनिट म्हणजे २२ अंशांचे पाच हजार लिटर पाणी ४० अंशांवर, अडीचशे बादल्या. साच्याच्या वाळूत आणि धुरात पाळी काढून बाहेर पडणाऱ्या कामगाराला धुण्याची सोय देणे १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ४२ नुसार बंधनकारक आहेच. भट्टीच्या पाण्याला हात लावायला कारखानदार धजत नाहीत, आणि ते बरोबर आहे. कॉइलचे पाणी अडले तर भट्टी फुटण्याचा धोका असतो. म्हणून जोड भट्टीच्या बंद वर्तुळाला द्यायचीच नाही. ती टॉवरकडच्या पाण्यावर, टॉवरच्या अगोदर, प्लेट हीट एक्स्चेंजर लावून द्यायची. तो बंद पडला तरी टॉवर पूर्वीसारखाच गार करतो. भट्टी रात्रीच्या पाळीत आणि आंघोळ सकाळी सातला, ही वेळांची तफावत मिटवायला फोमचे कवच असलेली पाच हजार लिटरची टाकी पुरते; रात्रीतून ती दोन-तीन अंशच हरवते, आणि टाकीत वळवलेल्या उष्णतेइतके टॉवरच्या पंख्याचे काम कमी होते.